रिपोर्ट आला, पुढे काय?



दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका तालुक्याच्या गावी बायकांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होण्याआधीच धोका ओळखता यावा, म्हणून. शाळेचे दोन वर्ग मागून घेतले, खिडक्यांना साड्या बांधल्या, शहरातून डॉक्टरबाई आणि दोन सिस्टर आल्या, दाराशी आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. बायका येतील की नाही या धास्तीने आदल्या रात्री झोप नव्हती. पण आल्या, अगदी रांग लागली. त्या आनंदात संध्याकाळी सगळ्यांचे आभार मानून आम्ही परतलो आणि वार्षिक अहवालात 'शिबिर अत्यंत यशस्वी झाले' असं वाक्य पडलं. ते मीच लिहिलं होतं.

त्या शिबिरातल्या सहाजणींना पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी बोलावलं होतं. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी मी त्या गावात गेले, तेव्हा सहज चौकशी केली. सहांपैकी दोघीच गेल्या होत्या. उरलेल्या चौघींच्या घरी जाऊन बसले.

पहिलीचा रिपोर्ट तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर गेला होता. घरात मोबाइल एकच, आणि रजिस्टरमध्ये आम्हीच तो नंबर लिहून घेतलेला. त्याने तो कुणाकडून तरी वाचून घेतला. वाचणाऱ्याने 'एचपीव्ही'चं 'एचआयव्ही' केलं. पुढचे तीन महिने ती माहेरी होती. का हाकललं, हेसुद्धा तिला धड कळलेलं नव्हतं.

दुसरी जिल्ह्याला गेली होती. मंगळवारीच या, असं तिला सांगितलेलं. मंगळवारी गेली तर डॉक्टर रजेवर. एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं एसटीभाडं गेलं. "ताई, परत जायचं तर सोयाबीन काढणीला आलेलं. आणि परत रजेवर असले तर?" म्हणाली. याला मी काय उत्तर देणार होते?

तिसरीला काही त्रासच नव्हता. अंगावरून जात नाही, पोटात दुखत नाही, पाळी वेळेवर. मग कशाला जायचं? तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अंथरुणाला खिळल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलं गेलंय. पेशींमध्ये बदल झाला तरी ना दुखतं ना खुपतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

चौथी ३४ वर्षांची. तिने रिपोर्ट जवळच्या एका खासगी दवाखान्यात दाखवला. 'पेशी खराब आहेत, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असं तिला सांगण्यात आलं. त्या भागाचा तुकडा काढून तपासला नाही, दुर्बिणीतून पाहिलं नाही. बचतगटाचं कर्ज काढून पंधरा दिवसांत पिशवी काढून झालीसुद्धा. तिच्याकडचा मूळ कागद मी पाहिला. त्यावर 'इन्फ्लमेटरी' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे सूज, जंतुसंसर्ग. तिच्या समोर बसून तो शब्द वाचताना मला तोंड वर करवेना.

आता माझं सांगते. याच काळात माझीही तपासणी झाली. विषाणू पॉझिटिव्ह, पेशी असामान्य. तीस वर्षांपूर्वी आरसा, बॅटरी आणि स्पेक्युलम घेऊन 'आपलं शरीर आपण ओळखू या' म्हणणाऱ्या शिबिरांत मी शिकले आणि पुढे शिकवलंही. असं असूनही तो कागद मी सात महिने कपाटात साड्यांखाली ठेवला. पैशाची अडचण नव्हती, दवाखाना दोन किलोमीटरवर होता. पण नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालीत. संबंधातून येणारा विषाणू आता अंगात निघाला म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल, याची मला लाज वाटली. आणि भीतीही. म्हणून 'बायका अज्ञानामुळे पुढे जात नाहीत' असं कुणी म्हणालं, की मी आता गप्प बसत नाही.

म्हणून या अंकात तपासणीपेक्षा तपासणीनंतरच्या वाटेविषयी लिहायचं ठरवलं.

आधी विषाणूची ओळख. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे नुसते चामखीळ येतात. चौदाच्या आसपास प्रकार धोक्याचे, आणि त्यांतले १६ व १८ क्रमांकाचे दोन मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत आहेत. हा संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाऊझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. एचआयव्हीशी याचं नाव सोडून काही साम्य नाही. मात्र एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला या कर्करोगाचा धोका सहापट असतो, म्हणून तिची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि अधिक वेळा व्हायला हवी.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे खरं. पण तो इतका सर्वसामान्य आहे की शरीरसंबंध येणाऱ्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बाईबाईच्या संबंधातूनही होतो. दहातल्या नऊजणींचं शरीर एक-दोन वर्षांत आपणच त्याला आवरतं. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलेल्या बाईला तो कधी आणि कुणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नाही, तिच्याही नाही आणि तिच्या नवऱ्याच्याही नाही. हे वाक्य आपण रिपोर्ट देतानाच बोललं पाहिजे, नंतर नाही. नंतरपर्यंत ती माहेरी पोचलेली असते.

उरतो तो प्रश्न दहावीचा. जिच्या अंगात धोक्याचा प्रकार मुक्काम ठोकून बसतो, तिच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलापासून कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ५ ते १० वर्षंही पुरतात. म्हणजे आपल्या हातात वेळ असतो. घाबरून पंधरा दिवसांत पिशवी काढण्याची गरज नसते, आणि सात महिने कागद साड्यांखाली ठेवणंही बरं नव्हे.

रिपोर्टवरचे शब्द आपल्या गटातल्या निदान दोघींना तरी वाचता यावेत. 'इन्फ्लमेटरी' म्हणजे सूज. औषध घ्यायचं, सांगितलं तर पुन्हा तपासायचं. तो कर्करोग नव्हे, कर्करोगाची पायरीही नव्हे. 'ॲस्कस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण खात्री नाही. 'एलसिल' म्हणजे सौम्य बदल. 'एचसिल' म्हणजे मोठा बदल, इथे मात्र दिरंगाई नको. 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' म्हणजे विषाणू आहे, एवढंच. पेशींचं काय झालंय ते त्यावरून कळत नाही, पुढे पाहावं लागतं. आणि व्हीआयए, म्हणजे सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायची जी तपासणी आपल्या सरकारी दवाखान्यांत होते, तिच्यात पांढरा चट्टा उमटला तरी तोही निव्वळ इशारा असतो.

इशाऱ्यानंतरचं पाऊल बहुतेक वेळा कॉल्पोस्कोपीचं. नाव मोठं, पण काम साधं. तपासणीच्या टेबलावर नेहमीसारखं झोपायचं, स्पेक्युलम लावतात, आणि बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीतून डॉक्टर गर्भाशयाचं तोंड मोठं करून पाहतात. दुर्बीण आत घालत नाहीत. मी उगाचच तसं समजून घाबरले होते. संशयाच्या जागी छोटासा तुकडा घेतात. क्षणभर चिमटा बसल्यासारखं होतं, एक-दोन दिवस थोडं रक्त जातं. त्या तुकड्याच्या तपासणीवरून बदल कोणत्या पायरीचा ते ठरतं: सीआयएन १, २ किंवा ३. पहिल्या पायरीचे बदल बहुधा आपोआप ओसरतात, म्हणून वाट पाहून पुन्हा तपासायचं. दुसऱ्या-तिसऱ्याला सहसा उपचार करतात. बाई गरोदर असेल तर कॉल्पोस्कोपी करता येते, पण कर्करोगाचा संशय नसेल तर उपचार बाळंतपणानंतरवर ठेवतात.

उपचार म्हणजे फक्त बिघडलेला भाग नष्ट करणं किंवा काढणं. तो गोठवता येतो, थर्मल ॲब्लेशनच्या उपकरणाने उष्णता देऊन जाळता येतो, किंवा विजेच्या बारीक तारेने कापून काढता येतो. या शेवटच्या पद्धतीला लीप म्हणतात. माझं तेच झालं. जागा बधिर करून, वीस मिनिटांत. त्याच दिवशी दुपारी मी घरी येऊन वरणभात खाल्ला. पुढे दोन-तीन आठवडे पाण्यासारखा स्राव होतो, महिनाभर शरीरसंबंध टाळायचा. हे 'टाळायचं' बाईच्या एकटीच्या हातात कुठे असतं! म्हणून तिच्या परवानगीने नवऱ्याशी सिस्टरनेच बोलावं, असा आमचा आग्रह असतो. जास्त रक्त गेलं, ताप आला, घाण वास येऊ लागला तर लगेच परत जायचं.

आणि गोष्ट इथेही संपत नाही, हे माझ्याच डोक्यात बसायला वेळ लागला. उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासणी करावीच लागते, कारण विषाणूवर औषध नाही; औषध आहे ते त्याने केलेल्या बदलांवर. पॉझिटिव्ह आलेली, पण पुढच्या तपासणीत काही न सापडलेली बाईही मोकळी नसते. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वर्षा-दोन वर्षांनी तिलाही पुन्हा यायचं असतं.

अर्धवट सोडलं तर काय होतं, ते आधीच्या बायकांनी भोगलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी, हे बदल कर्करोगात जात नाहीत असं मानून, कित्येक बायकांवर पुरेसे उपचार केलेच नाहीत. नुसतं पाहत राहिले. बायकांना पत्ताही नव्हता. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या स्त्री-आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी १९८७ साली 'मेट्रो' मासिकात हे उघडकीस आणलं, त्यावर चौकशी झाली, आणि रुग्णाच्या हक्कांविषयीची त्या देशाची व्यवस्थाच बदलली. त्या बायकांच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या पायरीचा बदल असून नीट उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. नीट उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं.

हे लांबचं झालं असं वाटत असेल, तर दिल्ली आठवा. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने १९७६ ते १९८८ या काळात पेशींत बदल असलेल्या ११५८ बायकांना, लेखी संमती न घेता, बिनउपचाराचं ठेवून फक्त निरीक्षण केलं. ७१ जणींचा बदल कर्करोगापर्यंत गेला. १९९७ मध्ये हे बाहेर आलं.

एकीकडे उपचारच नाहीत आणि दुसरीकडे सरसकट पिशवी काढणं, या दोन्हींमध्ये बाईला कुणी काही समजावून सांगत नाही, हे सारखंच. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कितीतरी जणींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. पेशींत बदल असला तरी पिशवी काढणं हा पहिला उपचार नाही, हे आपण भिंतीवर रंगवून ठेवलं पाहिजे. उलट तपास न करता पिशवी काढली आणि आत खरोखरच कर्करोग निघाला, तर अर्धवट शस्त्रक्रियेमुळे पुढचे उपचार अवघड होतात. बदल दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा असेल, तर पिशवी काढल्यानंतरही तपासणी चालू ठेवावी लागते. हे त्या चौथ्या मैत्रिणीला कुणीच सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे काही चांगलं झालंच नाही असं नाही. आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्मे झाले. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढे नेऊन उपचार देणं हा अभ्यासाचाच भाग होता. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या तीस हजारांहून जास्त बायकांना मात्र तपासणी दिली गेली नाही. त्यावरून बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. जगाला मिळालेल्या ज्ञानात आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचं देणं आहे, हे मात्र विसरता येत नाही.

ते ज्ञान परत त्यांच्यापर्यंत आलं का? केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या बायकांची एकदा तरी अशी तपासणी झाली, त्यांचं देशातलं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी निघालं. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्यात जातात.

आता स्वतःच नमुना घेण्याची पद्धत आली आहे. बोळा योनीत फिरवून नळीत घालायचा, कुणासमोर झोपायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली आहे आणि मलाही ती आवडते. पण पॉझिटिव्ह आलं की टेबल, दुर्बीण, मंगळवार आणि रजेवरचे डॉक्टर पुन्हा समोर येतात. पहिली पायरी सोपी करून दुसरी तशीच ठेवली, तर आमच्यासारखे अहवाल आणखी जाड होतील.

लसीविषयी बैठकांत हमखास विचारतात. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींवर झालेल्या प्रकल्पात संमती ज्या तऱ्हेने घेतली गेली, तिला स्त्रीसंघटनांनी विरोध केला होता. संसदीय समितीनेही २०१३ मध्ये ताशेरे ओढले. तो आक्षेप आजही मला योग्य वाटतो. पण तो पद्धतीवर होता. लस या कर्करोगापासून वाचवते, हे त्यानंतरच्या वर्षांत देशोदेशी दिसून आलं आहे, आणि आता पुण्यात तयार झालेली लसही २०२३ पासून मिळते. मुलींना नऊ ते चौदा वयात ती द्यावी. अंगात आधीच असलेला विषाणू किंवा पेशींतला बदल मात्र लसीने जात नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागतेच.

आणि एक. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचा किंवा लालसर स्राव, यांतलं काही असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही. थेट डॉक्टरकडे.

आमच्या गटात आता शिबिराची पद्धत बदलली आहे. दुसऱ्या पायरीची सोय पक्की झाल्याशिवाय तारीखच ठरवत नाही. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, डॉक्टर नक्की आहेत का, लीपचं यंत्र चालू आहे का, हे फोनवर नाही, जाऊन पाहतो. रजिस्टरमध्ये 'रिपोर्ट कुणाला सांगायचा' असा रकाना आहे, आणि तो बाईच भरते. कुणी बहिणीचा नंबर देते, कुणी आशाताईचा, एकीने शाळेतल्या खिचडीवाल्या मावशींचा दिला. रिपोर्ट फोनवर पाठवत नाही, समोर बसून देतो. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यासाठी छोटासा निधी आहे, तो नेहमीच अपुरा पडतो. आणि प्रत्येकीबरोबर एकजण जाते. माझ्याबरोबरही गेली होती. सात महिन्यांनी कागद बाहेर निघाला तो मी शूर झाले म्हणून नाही. गटातली एक मैत्रीण साडी मागायला आली, तिने कपाट उघडलं आणि कागद तिच्या हाती लागला. "उद्या नऊला तयार राहा," एवढंच म्हणाली.

त्या चौघींपैकी दुसरी आणि तिसरी आता जाऊन आल्या आहेत. दुसरीचा बदल तिसऱ्या पायरीचा निघाला, उपचार झाले, वर्षभराने पुन्हा जायचं आहे. पहिली नवऱ्याकडे परत आली आहे, पण तपासणीचं नाव काढू देत नाही. तिच्याकडे आम्ही जात राहू.

पुढच्या अंकात जिल्हावार यादी छापायचा विचार आहे: कॉल्पोस्कोपी आणि उपचार सरकारी दवाखान्यात कुठे होतात, कोणत्या वारी, प्रत्यक्षात किती खर्च आला, बाईशी कसं बोलले. तुमच्या गटांनी आपापल्या तालुक्याची माहिती स्वतः जाऊन पाहून कळवा. ऐकीव नको. दार बंद मिळालं असेल, तर तेही तारखेसह लिहा.